वीतभर प्ले

इब्राहिम पारकरनं पुढचं चाक जॅकवर घेतलं,
बारावर एक हात, सहावर एक, आणि हलवलं.
टक्.
"ऐकलंस? किंगपिन."
मग हात तीनवर, नऊवर.
पुन्हा टक्, जरा चोरटा.
"ही टाय रॉड. दोघंही बोलतायत,
आणि तू म्हणतेस, थोडी ओढते."

दारूखान्यातली गल्ली. तोंडाशी नांगराच्या साखळ्यांचा ढीग,
एकेक कडी माझ्या मांडीएवढी.
त्यात आमची चौसष्टची फिएट
भातुकलीतली वाटत होती.

स्टिअरिंग वीतभर फिरायचं
आणि चाकांना पत्ताच नसायचा.
दादांनी याला कधी बिघाड म्हटलं नाही.
"तिला आधी सांगून ठेवावं लागतं," म्हणायचे,
आणि वळण दिसायच्या आत त्यांचे हात निघालेले असायचे.
मी त्यांच्याकडूनच शिकले.
मला वाटायचं, गाड्या अशाच असतात.

ऑपेरा हाउसला तीन दुकानांनी मान हलवली.
चौथ्यातल्या म्हाताऱ्यानं शिडी लावली,
माळ्यावरून पुठ्ठ्याचा खोका काढला, फुंकला.
आत ग्रीसच्या कागदात दोन किंगपिना,
खोक्यावर शिसपेन्सिलीनं सव्वीस रुपये.
त्यानं बावीसशे घेतले.
जुना आकडा खोडलाही नाही.

बुश रेबेलोनं कातून दिले, पितळेचे,
कापलेल्या केसांसारखा चुरा त्याच्या चपलांवर.
पारकरनं रीमर घातला.
अर्धा वळसा. थांब. तेलाचा थेंब. फुंकर.
पुन्हा अर्धा.
चहा आला, गार झाला, साय धरली.
"अंगठ्यानं जायला हवी," तो म्हणाला,
"हातोडा लागला म्हणजे आपण चुकलो."
संध्याकाळी पिन अंगठ्यानं गेली,
हळू, थोडी रुसून.

स्टिअरिंग बॉक्स मात्र दुसऱ्या दिवशी उघडला.
काकवीसारखं काळं तेल, त्याखाली वर्म.
मधल्या आट्यांवरून त्यानं नख ओढलं.
"टोकांना बघ, कोरा आहे. गेलाय तो मधोमध."
का, विचारलं.
"का म्हणजे? माणूस सरळच जास्त चालवतो ना."
स्क्रू पाव फेरा आवळला,
चाक पूर्ण वळवून पाहिलं, परत थोडा सैल केला.
"मध्याला मापात बसवला तर वळणावर अडकेल.
एवढा राहू दे."
बोटभर प्ले राहिला.
बिलावर त्याचं काही लावलं नाही.

शिवडीपर्यंत चालवून बघ, म्हणाला, आणि मागे बसला.
पहिल्याच वळणाला मी आधी सांगितलं, नेहमीसारखं,
आणि गाडीनं लगेच ऐकलं.
मिठाच्या गोण्यांची हातगाडी हातभर अंतरावरून गेली,
हातगाडीवाल्याचे शब्द इथे देत नाही.
पारकर हसून हसून खोकला.
"गाडी झाली. आता हात सोड इथे,
उद्या घेऊन जा."

रविवारी दादांना शेजारी बसवलं.
काचबिंदूनं आता त्यांना उजेड तेवढा कळतो,
तोही फक्त डावीकडचा.
माहीमहून निघालो. सिग्नल, पूल, पुन्हा सिग्नल.
रस्ता पाठ होता त्यांना:
प्रत्येक वळणाच्या आधी
मांडीवरचे पंजे किंचित फिरायचे,
बरोबर वीतभर आधी,
आणि मी अजून सरळच जात असायचे.
काही बोलले नाहीत.
एकदाच विचारलं, "कुणाची गाडी?"
आपलीच, म्हटलं.
"हं."

घरी आल्यावर पारकरनं दिलेली पुडी त्यांच्या हातात ठेवली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या जुन्या पिना.
एक उचलली, अंगठा फिरवला,
जिथे गोलाई संपून सपाट लागतं तिथे थांबले.
"हा डावा," म्हणाले.
"पोयबावडीचा खड्डा आहे हा."
मग पुडीत चाचपडत राहिले,
"उजवा कुठाय?
उजवा बरा असेल."